मध्य सप्तकातील मुक्या पट्ट्या : जुना कीबोर्ड भंगारात देण्याआधी

सेलू परिसरातील एका भजनी मंडळाच्या वादकांनी विचारले आहे, की त्यांचा ६१ पट्ट्यांचा जुना इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड गेल्या पावसाळ्यापासून त्रास देतो आहे. मध्य सप्तकातील पांढरी दोन आणि काळी तीन (म्हणजे त्या सप्तकातली डावीकडून दुसरी पांढरी आणि तिसरी काळी पट्टी) अजिबात वाजत नाहीत, पांढरी सहा जोर देऊन दाबली तरच वाजते, आणि तार सप्तकातील पांढरी एक हलक्या हाताने दाबली तरी एकदम मोठ्याने वाजते. बाकीच्या सर्व पट्ट्या, डिस्प्ले, ताल आणि स्पीकर व्यवस्थित आहेत. दुरुस्तीवाल्याने वाद्य न उघडताच ‘बोर्ड गेला, नवीन घ्या’ असे सांगितले. सप्ताह तोंडावर आला आहे, मंडळाकडे पैसे बेताचेच आहेत, आणि हे काम घरी होण्यासारखे आहे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझे उत्तर असे, की तुम्ही दिलेल्या वर्णनावरून बोर्ड गेल्याचे एकही लक्षण दिसत नाही, आणि हे काम सावकाशीने केले तर घरी होण्यासारखे आहे. मी लातूरला हार्मोनियम आणि कीबोर्ड दुरुस्तीचे काम करतो आणि पावसाळा संपला की अशाच तक्रारीची वाद्ये माझ्याकडे सर्वांत जास्त येतात. अर्थात वाद्य समोर नसताना दिलेले हे मत आहे. त्यात कधी पाणी किंवा चहा सांडला असेल, किंवा उंदराने आत वायर कुरतडली असेल, तर उत्तर बदलेल. म्हणून केवळ ‘असे करा’ एवढे सांगून न थांबता मी कोणत्या लक्षणावरून काय ताडतो, तेही सांगतो, म्हणजे तुमच्या वाद्यात काही वेगळे निघाले तर तुम्हाला स्वतःला ते ओळखता येईल.

खरा प्रश्न असा आहे, की बोटापासून स्पीकरपर्यंतच्या वाटेवर संकेत नेमका कुठे अडतो. प्लॅस्टिकची पट्टी खाली जाते आणि तिच्याखालचा रबरी घुमट दाबते. त्या घुमटाच्या आत कार्बनमिश्रित रबराची एक काळी टिकली असते. ती सर्किट बोर्डवरच्या काळ्या संपर्कावर टेकली, की तेवढ्यापुरता विद्युतमार्ग जोडला जातो. तो संकेत एका छोट्या डायोडमधून (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), मग रिबन केबलमधून (अनेक तारांची सपाट पट्टी) मुख्य बोर्डवरच्या प्रोसेसरकडे जातो. प्रोसेसर कोणती पट्टी दाबली गेली ते ओळखतो आणि सूर तयार करतो. यात महत्त्वाची गोष्ट ही, की सूर तयार करणारी चिप, अँप्लिफायर आणि स्पीकर हे सगळ्या पट्ट्यांसाठी एकच असतात. पांढरी तीन स्वच्छ वाजते आणि शेजारची पांढरी दोन वाजत नाही, तेव्हा पुढची सगळी यंत्रणा शाबूत असल्याचे पांढरी तीनच सांगत असते. दोष त्या एका पट्टीच्या स्वतःच्या वाटेवर आहे.

तरीही वाद्य उघडण्याआधी सेटिंग तपासून घ्यावे, कारण त्यात काही खर्च नाही. ऑटो अकम्पनिमेंट, म्हणजे वाद्याची आपोआप साथ, चालू असेल, तर डाव्या हाताच्या पट्ट्या कॉर्ड (एकत्र दाबलेले सूर) ओळखण्यासाठी राखून ठेवल्या जातात आणि ताल थांबलेला असताना त्या मुक्या वाटू शकतात. स्प्लिट चालू असेल तर कीबोर्डचे दोन भाग पडतात आणि एका भागाचा आवाज शून्यावर गेलेला असू शकतो. ड्रम किट निवडले असेल तर काही पट्ट्यांवर कोणताच आवाज नेमलेला नसतो. तुमच्या बाबतीत मधल्याच एक-दोन सुट्या पट्ट्या गेल्या आहेत, त्यामुळे सेटिंगचा दोष असण्याची शक्यता फार कमी आहे. पण हे सर्व बंद करून, साधा पियानोचा आवाज निवडून, ट्रान्सपोज (सगळे सूर वर-खाली सरकवण्याची सोय) शून्यावर आणून एकदा खात्री करून घ्या. शक्य असेल तर अडॅप्टर काढून नव्या सेलवरही वाजवून पाहा. गावोगावी जनरेटरवर आणि हाताला येईल त्या अडॅप्टरवर वाद्ये चालवली जातात, आणि कमी किंवा अस्थिर व्होल्टेजमुळे कीबोर्ड चमत्कारिक वागू शकतो. अडॅप्टर बदलायची वेळ आली तर व्होल्टेजबरोबर पिनेचे धन-ऋणही वाद्याच्या मागच्या चिन्हाशी ताडून पाहा. काही वाद्यांत मधली पिन धन असते, तर काहींत ऋण.

आता मी ज्याला सर्वांत जास्त महत्त्व देतो ते काम सांगतो. कागदावर १ ते ६१ आकडे लिहा, अगदी डावीकडची पट्टी १ धरा, आणि प्रत्येक पट्टी तीन प्रकारे दाबा : अगदी हलकी, मध्यम आणि जोरात. प्रत्येकीपुढे वाजली, वाजली नाही, जोर दिल्यावरच वाजली, मोठ्याने वाजली, दोनदा वाजली, यांपैकी जे असेल ते लिहा. या कामाला अर्धा तासही लागत नाही, आणि दोष कुठे आहे याचा निम्म्याहून अधिक निकाल या कागदावरच लागतो.

त्याचे कारण बोर्डच्या जोडणीत आहे. ६१ पट्ट्यांना प्रत्येकी स्वतंत्र वायर दिली तर वायरींचे जंगल होईल, म्हणून त्या आडव्या आणि उभ्या ओळींच्या जाळ्यात बसवलेल्या असतात. ८ आडव्या आणि ८ उभ्या ओळी घेतल्या तर ६४ छेद मिळतात, म्हणजे केवळ १६ तारांत ६१ पट्ट्या बसतात. प्रोसेसर एकेक ओळ क्रमाने तपासत जातो आणि कोणत्या छेदावर जोडणी झाली ते वाचतो. या रचनेमुळे जाळ्यातील एक तार तुटली, किंवा रिबन केबलची एक पिन सैल झाली, तर कधीच एकटी पट्टी जात नाही, त्या तारेवरच्या साऱ्या पट्ट्या एकदम जातात. मग एक तर सलग आठ पट्ट्यांचा गट मुका होतो, किंवा दर आठवी पट्टी मुकी होते. काही वाद्यांत आठाऐवजी सहाचे गट असतात, पण तत्त्व तेच.

तुमच्या पट्ट्यांवर हे लावून पाहू. डावीकडून मोजल्यास मध्य सप्तकातील पांढरी एक ही २५वी पट्टी येते. म्हणजे पांढरी दोन २७वी, काळी तीन ३१वी, पांढरी सहा ३४वी आणि तार सप्तकातील पांढरी एक ३७वी. २७, ३१, ३४ आणि ३७ यांना आठाने भागले तर बाकी अनुक्रमे ३, ७, २ आणि ५ उरते, म्हणजे चारही पट्ट्या वेगवेगळ्या उभ्या ओळींवर आहेत. सलग गट म्हणाल, तर २५ ते ३२ या गटातील २७ आणि ३१ गेल्या आहेत, पण २५, २६, २८, २९, ३० आणि ३२ वाजतात, म्हणजे ती आडवी ओळही तुटलेली नाही. सहाच्या हिशेबाने ३१ आणि ३७ यांची बाकी सारखी, म्हणजे १ येते, पण त्याच ओळीवरच्या २५ आणि ४३ तुमच्या सांगण्यानुसार ठणठणीत आहेत. कोणत्याही हिशेबात बसवा, तार तुटल्याचा नमुना यात येत नाही. विखुरलेल्या, तेही सर्वांत जास्त हाताखाली असणाऱ्या मधल्या भागातल्या पट्ट्या जातात, तेव्हा दोष जवळजवळ नेहमी रबर आणि बोर्ड यांच्यातल्या संपर्काचा असतो. वाद्य उघडूनही न पाहता बोर्डवर ठपका ठेवणे मला म्हणूनच पटत नाही.

मोठ्याने वाजणारी पट्टी हा याच दोषाचा दुसरा पुरावा आहे. तुमच्या कीबोर्डला टच रिस्पॉन्स आहे, म्हणजे दाबण्याच्या जोरानुसार आवाज कमी-जास्त होतो, हे त्या वर्णनावरून मी धरून चालतो. अशा वाद्यात प्रत्येक पट्टीखाली एक नव्हे, दोन संपर्क असतात. पट्टी खाली जाताना पहिला संपर्क आधी जोडला जातो आणि दुसरा किंचित नंतर. या दोहोंमधला वेळ प्रोसेसर मोजतो. वेळ जास्त म्हणजे पट्टी हळू दाबली, आवाज कमी. वेळ अगदी थोडा म्हणजे जोरात मारली, आवाज मोठा. आता पहिल्या संपर्कावर घाण बसली, की तो वेळेवर जोडला जात नाही, पट्टी पार तळाला गेल्यावर कसाबसा जोडला जातो, आणि लगेच दुसराही जोडला जातो. मधला वेळ नाहीसा झाल्यामुळे प्रोसेसरला वाटते, की पट्टी फार जोराने मारली आहे. उलट दुसरा संपर्क घाणेरडा असेल तर सूर निघतच नाही. म्हणजे तुमच्या ३७व्या पट्टीचा पहिला संपर्क उशिरा जोडला जातो आहे, आणि २७ व ३१ यांचा एखादा संपर्क मुळीच जोडला जात नाही. खात्री करायची असेल तर टच रिस्पॉन्स बंद करून ३७वी पट्टी वाजवा. ती इतरांसारखी वाजू लागली तर निदान पक्के समजा. वाद्याला यूएसबी किंवा मिडीची (वाद्याचे संकेत दुसऱ्या यंत्राकडे नेणारी) जोडणी असेल, तर मोबाइलवरच्या एखाद्या मिडी मॉनिटर अॅपवर प्रत्येक पट्टीची व्हेलॉसिटी, म्हणजे दाबण्याचा वेग, १ ते १२७ या आकड्यांत दिसते. हलक्या हाताने दाबूनही एखादी पट्टी १२७ च्या आसपासच दाखवत असेल, तर ती कानाने लक्षात आली नसली तरी कागदावर नोंदवून ठेवा.

ही घाण येते कुठून, हे आपल्याकडच्या वादकांनी समजून घेतलेच पाहिजे, कारण सफाईनंतर वाद्य किती दिवस टिकेल ते त्यावरच ठरते. मराठवाड्याचा उन्हाळा म्हणजे चाळिशीपार गेलेला पारा आणि काळ्या मातीची पिठासारखी धूळ. ती पट्ट्यांच्या फटींतून सरळ आत उतरते. देवळात ठेवलेल्या वाद्यावर उदबत्ती आणि धुपाच्या धुराचा चिकट थर बसतो. सप्ताहात, काल्याच्या कीर्तनात बुक्का आणि गुलाल उधळला जातो, तोही तिथेच जातो. नाथषष्ठीनंतर आलेल्या एका वाद्याच्या रबराखाली मला गुलालाच्या कडा स्पष्ट दिसल्या होत्या. नुसती धूळ तितकी त्रासदायक नसते. पावसाळ्यात हवेतला ओलावा तिच्यात मुरतो आणि तिचा पातळ, घट्ट बसणारा थर होतो. जुन्या रबरातूनही कालांतराने किंचित तेलकट अंश सुटतो आणि कार्बनच्या टिकलीवर पसरतो. हा थर डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण वीज अडवायला तेवढा पुरतो. पावसाळ्यापासून त्रास सुरू झाला, हे तुमचे वाक्य म्हणूनच मला फार उपयोगी वाटले.

आता उघडण्याविषयी. अडॅप्टर काढा, सेल काढा. वाद्याला अडॅप्टर नसून घरच्या विजेची वायर थेट आत जात असेल, तर ते घरी उघडू नका, जाणकाराकडेच न्या. अडॅप्टरवर चालणाऱ्या वाद्यात बहुधा ९ ते १२ व्होल्टच असतात, त्यामुळे धोका नाही. जमिनीवर दुहेरी गोधडी अंथरा आणि वाद्य त्यावर पालथे ठेवा, म्हणजे वरची बटणे दबणार नाहीत. मागचे स्क्रू काढताना एका कागदावर वाद्याची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. ही सवय मी कधीही सोडत नाही, कारण स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि लांब स्क्रू आखूड जागी बसवला तर तो प्लॅस्टिक फोडून पट्टीखाली अडकतो. काही स्क्रू सेलच्या कप्प्यात किंवा रबरी पायांखाली लपलेले असतात. झाकण उघडत नसेल तर जोर लावण्याआधी ते शोधा. झाकण उचलले, की स्पीकरच्या वायरी ताणल्या जातात, म्हणून ते सावकाश बाजूला कलंडवा. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर फोटो काढा. रिबन केबल काढावी लागली तर आधी तिच्या सॉकेटला कुलपासारखी छोटी पट्टी आहे का ते पाहा, ती मोकळी करा आणि मगच केबल सरळ रेषेत बाहेर ओढा. तिरकी ओढून केबल फाटली, तर आतापर्यंत नसलेला बोर्डचा दोष तुम्ही स्वतः निर्माण कराल.

पट्ट्यांचा पूर्ण सांगाडा सुटल्यावर त्याच्या खालच्या बाजूला लांबट हिरवा किंवा तपकिरी सर्किट बोर्ड दिसेल. तो अनेक छोट्या स्क्रूंनी धरलेला असतो. तो उचलला, की रबरस्ट्रिप दिसतात, बहुधा एका सप्तकाला एक. काही वाद्यांत आधी पट्ट्या काढाव्या लागतात. तशी वेळ आली तर पट्ट्यांच्या मागच्या बिजागऱ्या फार जपा, कारण जुने प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ झालेले असते. रबरस्ट्रिपला खालून बारीक खुंट्या असतात आणि त्या बोर्डच्या भोकांत ओवलेल्या असतात. स्ट्रिप वरून खेचू नका, खुंट्या तुटतात. बोर्डच्या मागून बोथट काडीने एकेक खुंटी ढकला. स्ट्रिप निघाल्यावर तिची कोणती बाजू कुठे होती ते पेनने खूण करून ठेवा.

इथे काही मिनिटे थांबून नीट पाहा, दिव्याच्या तिरप्या उजेडात. बोर्डवरचे संपर्क एकमेकांत अडकवलेल्या दोन कंगव्यांसारखे दिसतात, त्यांच्यावर काळा कार्बनचा थर छापलेला असतो. न वाजणाऱ्या २७व्या पट्टीचे संपर्क आणि वाजणाऱ्या २८व्या पट्टीचे संपर्क शेजारी शेजारी ठेवून पाहा. निरोगी संपर्क मऊसर काळा, एकसारखा दिसतो. बिघडलेल्यावर राखाडी धुके, एखादा केस, गोल डाग किंवा चमक दिसते. रबराची टिकलीही तशीच पाहा. चांगली टिकली निस्तेज काळी असते, घाण बसलेली टिकली तेलकट चमकते. बोर्डवर हिरवट किंवा पांढरट खरखरीत डाग दिसला तर तो गंज आहे आणि तिथे कधीतरी पाणी पोचले आहे. असे डाग संपर्कांपलीकडे बारीक तांब्याच्या रेघांवरही पसरले असतील, तर सफाईबरोबर सोल्डरिंगचे कामही निघेल.

सफाईसाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मोबाइल दुरुस्तीच्या साहित्याच्या दुकानात ते मिळते. औषधाच्या दुकानातल्या ७० टक्के स्पिरिटमध्ये पाणी असते, आणि सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीनही असू शकते, जे वाळत नाही आणि नवा चिकट थर करते. हे अल्कोहोल पेट घेते, म्हणून काम हवेशीर जागी करा, जवळ समई किंवा उदबत्ती नको. कापसाची काडी किंचित ओली करून बोर्डवरच्या संपर्कांवरून एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवा, काडी काळी झाली की बदला. थोडासा काळेपणा कार्बनचा असतो, त्याला घाबरू नका, पण घासत बसू नका, कारण हा छापलेला थर पातळ असतो. इथे खोडरबर आणि पॉलिश पेपर पूर्ण वर्ज्य आहेत. पॉलिश पेपरने एकदा कार्बन उडाला, की तो संपर्क गेलाच.

रबरस्ट्रिप कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब टाकून बोटांनी धुता येतात. नंतर स्वच्छ पाण्यात विसळा, घुमटांतले पाणी झटका आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. उन्हात ठेवू नका. घाईत ओल्या स्ट्रिप बसवून वाद्य सुरू केले, तर होते त्यापेक्षा वाईट होईल, म्हणून हे काम रात्री करून सकाळी जोडणी करावी. वाळल्यावर टिकल्या अल्कोहोलने हलक्या पुसा. एखादी हट्टी टिकली साध्या कोऱ्या कागदावर दोन-तीनदा अलगद घासली, की तिच्यावरची तेलकट चमक जाते. केवळ बिघडलेले चार घुमट स्वच्छ करून न थांबता संपूर्ण कीबोर्ड एकाच वेळी साफ करा, कारण एका जागी इतका थर बसला असेल तर शेजारीही तो बसतोच आहे.

जे करू नये तेही सांगतो, कारण अशा उपायांनी बिघडलेली वाद्ये मी पाहतो. गंजलेल्या बिजागरीवर मारायचा तेलकट स्प्रे आत मारू नका. तो थोडे दिवस काम करतो असे वाटते, पण रबरावर तेलाचा थर ठेवून जातो. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांनी प्लॅस्टिक आणि रबर खराब होते. टिकलीवर अॅल्युमिनियमची चांदी चिकटवण्याचा सल्ला फार ऐकू येतो. त्याने पट्टी वाजते खरी, पण चांदीच्या कडा बोर्डवरचा कार्बन खरवडून काढतात. पेन्सिलीचे शिसे घासल्यास त्याची भुकटी शेजारच्या संपर्कावर पडून नको ते सूर वाजू शकतात.

सफाईनंतरही एखादी पट्टी मुकीच राहिली, तर दोष रबराचा की बोर्डचा हे ठरवण्याची एक सोपी आणि पक्की रीत आहे. मधल्या सप्तकाची स्ट्रिप शेजारच्या सप्तकाच्या स्ट्रिपशी अदलाबदल करा. बहुतेक वाद्यांत या दोन्ही सारख्याच असतात. फक्त शेवटची, जिच्यात एक पट्टी जास्त असते, ती वेगळी असते. अदलाबदलीनंतर मुकेपणा स्ट्रिपबरोबर दुसऱ्या सप्तकात गेला, तर दोष रबराचा. तो जागीच राहिला, तर दोष बोर्डचा. मल्टिमीटर (वीज मोजायचे छोटे यंत्र) असेल तर टिकलीचा रोधही मोजता येतो. सुया दाबून ठेवल्यावर चांगली टिकली साधारणपणे काहीशे ओहमच्या आत दाखवते, झिजलेली काही हजारांत जाते. नेमका आकडा वाद्यागणिक बदलतो, म्हणून एका चांगल्या टिकलीशी तुलना करूनच निकाल द्या.

रबर झिजलेले निघाले, तर तीन मार्ग आहेत. त्याच मॉडेलची नवी स्ट्रिप मिळाली तर उत्तमच, पण मॉडेल क्रमांक अचूक जुळला पाहिजे. दुसरा मार्ग भंगारात निघालेल्या त्याच मॉडेलच्या वाद्याचा. तिसरा मार्ग मला भजनी वाद्यांसाठी सर्वांत शहाणपणाचा वाटतो : झिजलेली मधली स्ट्रिप अगदी डावीकडच्या सप्तकात टाका आणि तिथली, जवळजवळ न वापरलेली स्ट्रिप मध्यभागी आणा. अभंगाच्या साथीला इतक्या खालच्या सप्तकात हात क्वचितच जातो. मग ती एखादी मुकी पट्टी कुणाच्या वाटेत येत नाही, आणि एक पैसाही लागत नाही.

दोष बोर्डचा निघाला, तरी तो बहुधा एका डायोडचा किंवा केसाएवढ्या तडा गेलेल्या रेघेचा असतो. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. चांगला डायोड एका बाजूने साधारण ०.५ ते ०.७ व्होल्ट दाखवतो आणि सुया उलट केल्या की काहीच दाखवत नाही. दोन्ही बाजूंनी काहीच नाही, तर डायोड तुटला आहे आणि त्याची पट्टी मुकी राहणार. दोन्ही बाजूंनी जोडणी दिसली तर तो शॉर्ट झाला आहे, आणि तेव्हा कॉर्ड वाजवताना न दाबलेला चौथाच सूर वाजतो. हा अगदी साधा, स्वस्त भाग आहे आणि सोल्डरिंगचा हात असलेला कोणताही कारागीर तो बदलून देईल. नुसत्या एका डायोडसाठी वाद्य टाकून देण्याचे कारण नाही.

आतापर्यंतचा क्रम थोडक्यात असा : सेटिंग आणि वीजपुरवठा, मग ६१ पट्ट्यांचा तक्ता, मग उघडून पाहणे, सफाई, आणि त्यानंतरही अडले तरच अदलाबदल आणि मल्टिमीटर. तुमच्या चार पट्ट्यांपैकी ३४ आणि ३७ सफाईनेच सुटतील असे मी बऱ्याच खात्रीने सांगतो, कारण त्या थोड्या का होईना वाजत आहेत. २७ आणि ३१ बाबतही आशा आहे, पण त्या पूर्ण मुक्या असल्यामुळे रबर झिजल्याची शक्यता थोडी जास्त धरावी.

जोडणी करताना रबरस्ट्रिपची प्रत्येक खुंटी भोकात पूर्ण बसली आहे ना, ते बोर्डच्या मागून पाहा. एक खुंटी अर्धवट राहिली तर तो घुमट तिरका बसतो आणि काल चांगली असलेली पट्टी आज बिघडते. सफाईनंतर आणखी पट्ट्या गेल्या अशी तक्रार घेऊन लोक येतात, तेव्हा कारण बहुधा हेच असते. बोर्डचे स्क्रू मधून सुरू करून कडांकडे घ्या, फार आवळू नका. मागचे झाकण बसवण्याआधीच सेल किंवा अडॅप्टर जोडून सगळ्या ६१ पट्ट्या पुन्हा तीन प्रकारे वाजवा आणि पहिल्या तक्त्याशेजारी नवा तक्ता लिहा. मगच शेवटचे स्क्रू लावा.

सप्ताहापर्यंत हे काम झाले नाही, तरी साथ अडणार नाही, त्याची सोय आधीच करून ठेवा. बऱ्याच वाद्यांत ट्रान्सपोज १२ पायऱ्यांपर्यंत जातो, काहींत ऑक्टेव्हचे वेगळे बटण असते. ट्रान्सपोज अधिक १२ वर ठेवा आणि हात एक सप्तक डावीकडे न्या. आता १३ ते २४ या पट्ट्यांवर मध्य सप्तकाचे सूर येतील, आणि २५व्या पट्टीवर तुमची ३७व्या पट्टीची तार सप्तकातली पांढरी एक येईल, तीही नेहमीच्या आवाजात. गाणाऱ्या बुवांना काही फरक कळणार नाही. फक्त अकम्पनिमेंट आणि स्प्लिट बंद ठेवा, नाहीतर डावीकडच्या पट्ट्या कॉर्डसाठी राखल्या जातील. ट्रान्सपोज १२ पर्यंत जात नसेल तर आणखी एक वाट आहे. बुवा काळी चारमध्ये गात असतील, तर ट्रान्सपोज अधिक १ करून तुम्ही पांढरी पाचमध्ये वाजवा; कोणत्या ट्रान्सपोजला मुक्या पट्ट्या त्या अभंगाच्या स्वरांबाहेर जातात, ते घरी बसून आधी शोधून ठेवा आणि तालमीत बोटांना त्याची सवय करून घ्या.

सफाईनंतर वाद्य देवळात ठेवायचेच असेल, तर उदबत्तीच्या घरापासून दूर, जमिनीवर न ठेवता उंचावर, आणि धुतलेल्या सुती कापडाखाली ठेवा. गुलाल-बुक्का उधळायच्या वेळी पट्ट्यांवर कापड ओढून घ्यायला एका मुलाला नेमून द्या. बरेच दिवस वापर नसेल तर सेल काढून ठेवा, कारण गळलेल्या सेलचा क्षार कप्प्यातून बोर्डपर्यंत पोचतो आणि तो गंज काढणे या साऱ्या कामापेक्षा कठीण असते.

इतके करूनही पट्ट्या मुक्याच राहिल्या, तर मला वाद्याच्या तळाशी छापलेला मॉडेल क्रमांक, सफाईआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही तक्ते, आणि २५ ते ३७ या पट्ट्यांखालच्या संपर्कांचा जवळून, उजेडात काढलेला फोटो पाठवा. तुमच्या जवळच्या कारागिराकडे जाणार असाल तर हेच कागद त्याच्यापुढे ठेवा आणि ‘वाद्य बिघडले आहे’ असे न सांगता ‘स्ट्रिप बदलूनही २७ आणि ३१ जागीच मुक्या आहेत, त्यांचे डायोड तपासा’ असे सांगा.